ओहायोतल्या हेन्री स्नायडरच्या बायकोचं माहेर कसं शोधावं?

वसमतच्या_बाई

नमस्कार मंडळी,

मी मूळची वसमतची, आता परभणीत असते. एकतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा ओहायोत कोलंबसला आहे, सून तिकडचीच. नात दहा वर्षांची. दिवाळीनंतर तिला शाळेतून घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं आणि तिनं फोनवर विचारलं, "आजी, तुझ्याकडे आमची नावं आहेत का?"

आमच्याकडची होती. आम्ही नामदेव शिंपी, सासरचं मूळ गाव नरसीपासून चार कोसांवर. माझे दीर १९८७ साली त्र्यंबकेश्वरला गेले तेव्हा तीर्थोपाध्यायांच्या वहीतून नामावळी उतरवून घेऊन आले होते. सात पिढ्या. मी ती ठळक अक्षरात लिहून फोटो पाठवला. लिहिताना एक गोष्ट टोचली. तो कागद इतकी वर्षं कपाटात होता, पण कधी लक्षात आली नव्हती. पुरुषांची सातही नावं आहेत. बायकांची चारच, आणि तीही लग्नात ठेवलेली. माहेर एकीचंही नाही.

मग सुनेची बाजू घेतली. तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या व्याह्यांना, पणजोबांपर्यंत माहिती आहे. पणजोबांचं नाव हेन्री स्नायडर. हाताशी आहे ते एवढंच:

टस्करावस काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) एका चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. एक घरच्यांनी बसवलेला दगड, त्यावर "१४ मार्च १८८९ रोजी मृत्यू, वय ४६ वर्षं ५ महिने ३ दिवस". आपण पत्रिकेसाठी करतो तसं मी उलटं मोजलं, तर जन्म ११ ऑक्टोबर १८४२ निघतो. शेजारी आणखी एक लहान पांढरा दगड, त्यावर ढालीचा आकार कोरलेला आणि आत नाव, "१०७" आणि "ओहायो". कंपनीचं, म्हणजे लष्करी तुकडीचं, अक्षर झिजून गेलंय.

घरात त्यांचं जर्मन बायबल आहे. त्यात सहा मुलांच्या जन्माच्या तारखा आहेत. लग्नाची नोंद करायचं पान मात्र नाही. फाटलेलं नाही, शिवणीजवळून कुणीतरी नीट कापून घेतलंय.

आणि घरात चालत आलेली एक गोष्ट: मूळ आडनाव वेगळं होतं, न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, बाहेरून येणाऱ्यांना तपासायच्या ठाण्यावर, उतरताना कारकुनानं ते बदललं.

बायको फक्त "कॅथरीन". ती कुठली, कुणाची, काही नाही. तिचा दगडही नाही, किंवा असला तर सापडलेला नाही. सून म्हणाली, "मम्मी, बायकांचं असंच असतं, आडनाव बदललं की माग संपतो." मला ते पटवून घ्यायचं नाही. माझ्या नातीच्या झाडावर दोन्हीकडच्या बायकांच्या जागा रिकाम्या राहाव्यात हे मला बघवत नाही. इथं कुणी अमेरिकेतली एकोणिसाव्या शतकातली कागदपत्रं चाळली असतील तर सांगा, कॅथरीनचं माहेर शोधायला सुरुवात कुठून करू?

---

मोडीवाचक_बीड

राम राम बाई.

मी मोडी वाचतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आमच्याकडे तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये महिनोन् महिने बसून होतो. अमेरिकेचं मला फार कळत नाही, पण माझ्या थोरल्या भावाच्या साडूसाठी एकदा असंच धुंडाळलं होतं, म्हणून दोन शब्द.

एलिस बेटाची गोष्ट आधी बाजूला ठेवा. ते ठाणं उघडलं १ जानेवारी १८९२ ला. तुमचे हेन्री १८८९ ला वारले. त्यांनी ते बेट पाहिलंच नाही. त्याआधी न्यूयॉर्कला उतरणारे १८५५ पासून कॅसल गार्डन नावाच्या ठिकाणी उतरत, आणि त्याही आधी सरळ धक्क्यावर. शिवाय तिथला कारकून नावं नव्यानं लिहीत नसे. जहाज निघालं तिथंच यादी व्हायची, तो ती हातात धरून विचारायचा. नावं बदलली ती पुढं, शेजारी, शाळा, दुकान, जनगणनेचा माणूस यांच्या तोंडी. जर्मन श्नायडरचा इंग्रजी कानानं स्नायडर झाला. श्नायडर म्हणजे काय ठाऊक आहे का बाई? शिंपी.

दुसरं म्हणजे सूचीवर विसंबू नका. संगणकावर नाव टाकलं आणि आलं नाही म्हणून नोंदच नाही असं समजू नका. आमच्याकडं एका मोडी पानावरचं एकच आडनाव चौघांनी चार तऱ्हेनं उतरवलं होतं, मी स्वतः पाहिलंय. जर्मन लोकांची जुनी लिहायची लिपी, कुरेंट म्हणतात तिला, तिचंही मोडीसारखंच आहे, हात न उचलता पळती. त्यात त्यांचा "ई" आपल्या डोळ्यांना "एन" वाटतो. त्यामुळं श्नायडर, स्नायडर, श्नीडर, स्निडर, सगळं टाकून पाहा. नुसतं "हेन्री", वय आणि काउंटी एवढंच टाकून पाहा. आडनाव रिकामं ठेवा. आणि जे सापडेल त्याचं मूळ पान उघडून वर-खाली दहा घरं वाचा.

---

वसमतच्या_बाई

शिंपी! मी हे वाचून सुनेला तिकडच्या पहाटे पाचला फोन लावला. ती उठून बसली. आपल्या दोन्ही घरांचं नाव एकाच सुईदोऱ्याचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी नातीला नामदेवांचं वगैरे काही सांगत बसले नाही, ते पुढं सांगेन. पण भाऊ, तुमचे फार उपकार.

सुनेनं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडून दिलंय. मी रोज रात्री जेवणं झाली की बसते. आज जनगणना उघडली.

---

उदगीर_ते_क्लीव्हलँड

काकू, नमस्कार. मी मूळचा उदगीरचा, क्लीव्हलँडला सतरा वर्षं झाली. शनिवारी इथल्या ग्रंथालयात वंशावळ शोधणाऱ्यांना मदत करतो, त्यामुळं ओहायोचं बऱ्यापैकी माहिती आहे. सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडं जे तुकडे आहेत ते चांगले आहेत.

जनगणनेचं आधी. इथं ती दर दहा वर्षांनी, १७९० पासून. पण १८४० पर्यंत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव, बाकीची माणसं म्हणजे रकान्यातले आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला लागले. गुलामांची नावं तेव्हाही नव्हती, त्यांच्यासाठी १८५० आणि १८६० ला वेगळी यादी होती, मालकाचं नाव आणि खाली वयं. माझ्याकडं येणाऱ्या कृष्णवर्णी कुटुंबांना १८७० च्या पलीकडं जाताना काय त्रास होतो ते मी दर शनिवारी पाहतो. त्या मानानं तुमच्या हेन्रीची वाट मोकळी आहे.

१८८० चं पान तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं. त्या वर्षी पहिल्यांदा कर्त्याशी नातं काय ते लिहिलं, आणि प्रत्येकाच्या आईबापांचा जन्म कुठला तेही. १८६० आणि १८७० मध्ये नातं लिहीत नसत. एका घरात एक आडनाव दिसलं म्हणून बापलेक धरू नका, चुलतभाऊ असतो, पुतण्या असतो. १८९० ची जनगणना मिळणार नाही. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली, त्यात ती खराब झाली आणि उरलेलीही पुढं नष्ट केली. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (हेन्री त्यात सैनिक होते, ते खाली सांगतो) सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती, आणि ओहायोची ती यादी वाचली आहे. त्यात कॅथरीन सापडली तर ती १८९० च्या जूनमध्ये कुठं राहत होती ते कळेल. १९०० ची तर जरूर पाहा, तीत जन्माचा महिना, लग्नाला किती वर्षं, बाईला किती मुलं झाली आणि किती जिवंत, हे सगळं विचारलंय.

आता पांढऱ्या दगडाचं. ढालीचा तो दगड सरकारी आहे. १८७९ च्या कायद्यानं खासगी किंवा गावच्या स्मशानात पुरलेल्या सैनिकांनाही सरकार दगड द्यायला लागलं. "१०७" म्हणजे १०७ वी ओहायो पायदळ पलटण. क्लीव्हलँडला १८६२ मध्ये उभी राहिली, बहुतेक जर्मन माणसं. चॅन्सलर्सव्हिलच्या आणि १ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत ती होती, आणि तिची फार माणसं पडली. ओहायो सरकारनं सगळ्या सैनिकांची नामावली छापलेली आहे, तीत भरती होतानाचं वय असतं. तुमच्या हिशेबानं ते १९ यायला हवं. हेन्री स्नायडर नावाची माणसं ओहायोच्या पलटणींत पुष्कळ आहेत. पलटण क्रमांक, वय आणि काउंटी तिन्ही जुळल्याशिवाय आपला म्हणू नका.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, कॅथरीन.

दोन वाटा आहेत. पहिली मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यांची. ओहायोत २० डिसेंबर १९०८ पासून राज्य पातळीवर मृत्यूचे दाखले होतात, आणि १९५३ पर्यंतचे फॅमिलीसर्चवर फुकट पाहता येतात. त्यात मृताच्या आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं. बायबलमध्ये सहा मुलं आहेत ना? सहाही शोधा. फक्त तुमच्या व्याह्यांच्या आजोबांवर थांबू नका. मुलींची आडनावं बदललेली असतील, त्यांची लग्नं काउंटीच्या नोंदीत सापडतील. आणि दाखल्यावर खाली माहिती देणाऱ्याचं नाव असतं, ते आधी वाचा. जावयानं दिलेली माहिती आणि सख्ख्या बहिणीनं दिलेली माहिती यांत फरक असतो.

दुसरी वाट निवृत्तिवेतनाची. २७ जून १८९० च्या कायद्यानं युद्धात निदान ९० दिवस नोकरी केलेल्या सैनिकाच्या गरजू विधवेला पेन्शन मिळायला लागली, नवरा युद्धातल्या जखमेनंच मेला पाहिजे अशी अट राहिली नाही. महिन्याला ८ डॉलर, आणि १६ वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलामागं २. हेन्री १८८९ ला गेले, घरात लहान मुलं, त्यामुळं कॅथरीननं अर्ज केलाच असेल असं मला वाटतं. अर्ज करणारीला लग्न शाबीत करावं लागे, मुलांचे जन्म शाबीत करावे लागत. पाद्र्याचा दाखला, शेजाऱ्यांची शपथपत्रं, सुईणीची साक्ष, सगळं त्या फायलीत असतं. आधी पेन्शनच्या सूचीचं कार्ड शोधा, त्यावर सैनिकाचं नाव, पलटण, विधवेचं नाव आणि अर्ज क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडून फाईल मागवता येते.

तुमच्या बायबलमधलं कापलेलं पान वाचून मी जरा थबकलो. लग्नाचा दुसरा कागद नसेल तर लोक बायबलचं पानच कापून पेन्शनच्या अर्जाला जोडत. मी अशी पानं फायलींत पाहिली आहेत. आशा लावून बसू नका, पण फाईल मागवा.

---

गोदाकाठ_नांदेड

वरच्या दादांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. एकच भर घालतो. तिथं लोकांनी आपापली तयार झाडं टाकलेली असतात, ती जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. एकानं चुकीचा बाप चिकटवला की पन्नास जण तोच उचलतात. ज्या झाडाला कागद जोडलेला नाही ते ऐकीव धरा.

---

वसमतच्या_बाई

तीन आठवडे झाले. जे मिळालं ते सांगते.

१८८० चं पान सापडलं, आणि आडनाव "स्नीडर" असं लिहिलेलं. मोडीवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसं आडनाव सोडून शोधलं म्हणून हाती लागलं. हेन्री ३७, शेतकरी, जन्म जर्मनी. १८७० च्या पानावर मात्र जन्म वुर्टेंबर्ग, एक जुनं जर्मन राज्य, असं लिहिलंय. हे मला लगेच समजलं. १८७० ला जर्मनी हा देश झालाच नव्हता, तो १८७१ चा. माझ्या आजीच्या कागदात निजामाचं राज्य, आईच्या कागदात मुंबई राज्य, माझ्या कागदात महाराष्ट्र, आणि तिघींचं घर मात्र तेच. हिंगोली तर मी शिकवायला लागले तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, १ मे १९९९ ला वेगळी झाली. माणूस हलत नाही, वरचं नाव बदलतं. इतिहासाची बाई असून मला हे त्या पानावर बोट ठेवून नव्यानं कळल्यासारखं झालं.

कॅथरीन ३४, जन्म ओहायो, तिचे आईवडील दोघंही बवेरियाचे. म्हणजे ती तिथंच जन्मलेली, तिचे आईबाप समुद्र ओलांडून आलेले. आणि त्याच ओळीत पुढं "लिहिता येत नाही" या रकान्यात एक उभी रेघ. मी त्या रेघेकडं खूप वेळ बघत बसले. माझ्या आजीलाही लिहिता येत नव्हतं, पण ती नऊवारीचा काठ अंदाजानं कापायची आणि सुतभर चुकायची नाही.

पलटणीच्या छापील नामावलीत हेन्री स्नायडर, वय १९, भरती १८६२. जुळलं.

मृत्यूचे दाखले सहापैकी चौघांचे मिळाले. व्याह्यांच्या आजोबांच्या दाखल्यावर आईचं माहेर "माहीत नाही". माहिती देणारा जावई. थोरल्या मुलीच्या दाखल्यावर, १९३२ चा आहे तो, "केलर". माहिती देणारी तिची धाकटी बहीण. तिसऱ्या मुलाच्या दाखल्यावर "कोलर". चौथ्यावर "केहलर". आता काय धरू?

ओहायोत १८६७ पासून काउंटीच्या प्रोबेट (वारसा-मृत्युपत्राच्या) न्यायालयात जन्मनोंदी होत्या म्हणून त्याही पाहिल्या. सहापैकी दोघांच्याच नोंदी आहेत, आणि दोन्हीत आई "कॅथरीन स्नायडर". आडनावाआधी काही नाही.

---

लेक_लातूरची

बाई, मला फार आवडायलंय हे वाचायला. मी लातूरला वकिली करते, तिकडचं काही येत नाही, पण एक विचारू का? केलर की कोलर हे कागदावर भांडत बसण्यापेक्षा त्या गावात केलर कोण होते ते बघता येईल ना? आपल्याकडं जमिनीच्या दाव्यात वारस लावताना आम्ही शेजारचे गट बघतो, साक्षीदार कोण ते बघतो. बाळंतपणाला, लग्नाला, मयतीला जी माणसं येतात ती बहुतेक माहेरची असतात.

---

उदगीर_ते_क्लीव्हलँड

ताईंचं अगदी बरोबर. काकू, थोरल्या मुलीचा दाखला सगळ्यात वजनदार, कारण सांगणारी बहीण, म्हणजे तिच्या स्वतःच्या आईबद्दल सांगत होती. तरी १८६० च्या जनगणनेत त्याच टाउनशिपमध्ये (काउंटीतल्या लहान भागात) केलर, कोलर, केहलर सगळे बघा. बवेरियाचे आईबाप आणि १४ वर्षांच्या आसपासची कॅथरीन ओहायोत जन्मलेली. आणि लग्नाच्या नोंदीसाठी प्रोबेट न्यायालयाचीच विवाहाची वही बघा. जन्माची वही नंतरची, विवाहाची वही कितीतरी जुनी.

---

वसमतच्या_बाई

बघितलं. १८६० मध्ये हेन्रींच्या घरापासून नवव्या घरात एक केलर कुटुंब आहे. बवेरियाचा बाप, बवेरियाची आई, पाच मुलं, त्यात कॅथरीन १४. नववं घर! म्हणजे ती आणि हेन्री एकाच विहिरीच्या वाटेवर वाढले असतील.

विवाहाच्या वहीत मात्र त्या वर्षांत नोंद नाही सापडली. लग्न कुठल्या शेजारच्या काउंटीत झालं असेल तर कळत नाही. पेन्शनचं कार्ड मिळालं: १०७ ओहायो, विधवा कॅथरीन, अर्ज १८९०. सुनेनं फाईल मागवलीय. आता थांबायचं.

एका मंडळींनी मला खासगी निरोप पाठवून विचारलं, "बाई, ती तुमच्या रक्ताची नाही, एवढं कशाला?" इथंच उत्तर देते. माझी नात तिच्या रक्ताची आहे. आणि माझी सून. मी सुनेला घरी आणताना तिच्या आईची ओटी भरली होती. त्या आईच्या, तिच्या आजीच्या, तिच्या पणजीच्या जागी कोण होतं हे मला विचारायला लाज वाटली नाही तेव्हा, आताही वाटत नाही.

---

वसमतच्या_बाई

पाच महिन्यांनी लिहितेय. फाईल आली.

सुनेनं संगणकावर पानं उघडली आणि मी इकडं बघत होते, रात्रीचे साडेअकरा. एकेचाळीस पानं. पहिली बरीचशी छापील अर्ज, शिक्के, क्रमांक. मग शपथपत्रं. एक सुईण सांगतेय की धाकटा मुलगा १८८४ च्या कोणत्या दिवशी झाला, मी तिथं होते. दोन शेजारी सांगतायत की हेन्री स्नायडर युद्धाहून आले तेव्हापासून खोकत असत, आणि कॅथरीनजवळ एक गाय, थोडी भांडी आणि राहतं घर याशिवाय काही नाही. एक शपथपत्र केलर आडनावाच्या माणसाचं. "मी अर्जदाराचा सख्खा भाऊ, १८६६ साली तिच्या लग्नाला हजर होतो." वकील ताई, तुम्ही म्हणालात तसंच. साक्षीला माहेरचं माणूस आलं होतं.

कॅथरीनची सही नाही. तिथं आपल्यासारखा अंगठा नाही घेत, फुली मारायची रीत. नावाच्या मध्ये एक वाकडी फुली, वर लिहिलेलं "हिची" आणि खाली "खूण", आणि शेजारी दोन साक्षीदार. १८८० च्या पानावरची ती उभी रेघ मला आठवली.

आणि अडतिसाव्या पानावर बायबलचं पान. वर छापील वेलबुट्टी, खाली शाईनं चार ओळी, जर्मनमध्ये. व्याह्यांनी घरातलं बायबल आणून कापलेल्या कडेशी पडद्यावरचं पान धरून पाहिलं. एकशे तीस वर्षांहून जास्त काळानं. ते बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. विधवेनं ८ डॉलरसाठी आपल्या लग्नाचं पान कापून सरकारला दिलं होतं आणि ते परत कुणी मागितलंच नाही.

मोडीवाले भाऊ, पानाचा फोटो तुम्हाला पाठवते आहे. मला "कॅथरीना" आणि पुढं "गेब. केलर" एवढं लागतं. सून म्हणते गेब. म्हणजे जन्मानं अमुक घरची. हेन्रींच्या नावापुढं एका गावाचं नाव आहे, ते लागत नाही.

---

मोडीवाचक_बीड

बाई, पान पाहिलं. गेब. म्हणजे गेबोरेने, तुमच्या सुनेचं बरोबर. आपण पूर्वाश्रमीची म्हणतो तसं. त्यांच्या लिहिण्यात ते जागच्या जागी येतं, वेगळं विचारावं लागत नाही.

गावाचा शेवट "इंगेन" असा आहे, तेवढं खात्रीनं सांगतो. पहिल्या दोन अक्षरांबद्दल खात्री नाही म्हणून तर्क देत नाही. वुर्टेंबर्गमध्ये तसल्या शेवटाची गावं पुष्कळ. पण एक चांगली गोष्ट आहे. वुर्टेंबर्गच्या प्रोटेस्टंट चर्चांमध्ये १८०८ पासून कुटुंबाची वही ठेवत. एका पानावर नवरा, बायको, दोघांचे आईबाप, खाली सगळी मुलं. बाईच्या आईबापांसकट. गाव लागलं की हेन्रींच्या आईचं आणि आजीचंही माहेर एका पानात मिळण्यासारखं आहे. शिवाय तिथून देश सोडायला सरकारची परवानगी काढावी लागे, त्या लोकांची सूची तिथल्या राज्य अभिलेखागारानं लोकांना पाहायला ठेवलीय. "इंगेन" शेवट आणि श्नायडर, १८४५ ते १८६० एवढ्यात पाहा. मीही बघतो.

---

उदगीर_ते_क्लीव्हलँड

काकू, पुढच्या महिन्यात मी त्या बाजूला जातोय. कॅथरीनचा दगड शोधतो. १९०० ला ती कुठल्या मुलाकडं होती तेवढं कळवा, त्याच गावाच्या स्मशानात आधी बघेन.

---

वसमतच्या_बाई

१९०० ला ती थोरल्या मुलीकडे होती. पान पाठवलंय. त्यावर तिच्यापुढं लिहिलंय: मुलं झाली ८, हयात ६. बायबलमध्ये सहाच आहेत. म्हणजे दोन अशी की ज्यांची नावं त्या पानावरही नाहीत. दादा, दगड बघाल तेव्हा शेजारी लहान दगड आहेत का तेही बघा.

नातीचं झाड आता भिंतीवर लावलंय, सुनेनं फोटो पाठवला. कॅथरीन केलर असं लिहिलंय, ठसठशीत. खाली माझ्या बाजूला सुनेनं पेन्सिलनं एक रिकामा चौकोन काढून ठेवलाय आणि विचारलं, "मम्मी, तुमच्या आजीचं माहेर?"

माझ्या आजीचं, आईच्या आईचं. तिला मी सोळा वर्षं पाहिलं, तिच्या मांडीवर वाढले. तिचं माहेर जवळा बाजारच्या बाजूला एवढंच मला माहीत. आडनाव मी कधी विचारलं नाही. वसमतला मामांना फोन केला. मामा नव्वदीला आलेत. ते म्हणाले, तिचा भाऊ निजामाच्या काळात शाळेत जायचा, त्याचं नाव रजिस्टरात असेल, पण ते उर्दूत आहे आणि साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, तो हिशेब मला येतो. उर्दू वाचायला मामांच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर यायला तयार आहेत.

सोमवारी सकाळच्या बसनं निघते. शाळा साडेदहाला उघडते.